सातवं मिनिट

सत्यवान परबाचं अपंगत्व एका मंगळवारी सकाळी ऐंशी टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर आलं, आणि नेमका त्याच वेळी तो न्हाणीघराच्या लादीवर उताणा पडलेला होता. फोन ओसरीवर वाजून गप्प झाला. फोनवर सरकारचा संदेश होता आणि संदेशाची सुरुवात अभिनंदनानं होती. नव्या मोजणीनुसार आपण दिव्यांग प्रमाणपत्रास पात्र राहिलेला नाहीत, असं त्यात मोठ्या कौतुकानं कळवलं होतं. हे त्याला समजलं दुपारी पाऊण वाजता. शेजारची रुक्मिणीकाकू सूप मागायला आली, तिला आतून कण्हणं ऐकू आलं, तेव्हा कुठे दार ढकललं गेलं. तोवर साडेचार तास गडी लादीवर.

त्याला रोज सकाळी उठवायला, आंघोळ घालायला येणारा सरकारी सोबती गणपत राणे त्या दिवशी फिरकलाच नव्हता, म्हणून सत्यवान सरपटत एकटाच न्हाणीघरात गेला आणि तिथेच उलटला होता. फिरकणार कसा? या घरची तुमची नेमणूक संपली, असा संदेश त्याला पहाटेच गेला होता.

संध्याकाळी सत्यवाननं दर्शना घाडीला फोन केला. चिडला नाही, रडला नाही. जे झालं ते सांगून एवढंच म्हणाला, "दर्शना, माका चलाक तूच शिकवलंस. आता बावीस टक्के म्हणजे काय, ता पण तूच सांग."

दर्शनानं त्याला कुशीवर पडून राहायला सांगितलं. उद्या येते म्हणाली आणि फोन ठेवला.

ही दर्शना तालुक्याच्या गावाबाहेरच्या चालण्याच्या केंद्रात प्रशिक्षक होती. जिल्ह्यात असं केंद्र ते एकच. वय पंचेचाळीस. कॉलेजात असताना एका डंपरनं तिला उडवलं, तेव्हापासून कमरेखाली काही नाही. केंद्रात येणारी बाकीची माणसं मात्र बहुतेक झाडावरून पडलेली. कोकणच तो. कुणी आंबे काढताना पडलेला, कुणी सुपारीवरून. सत्यवान तर पट्टीचा पाडेली, दिवसाला तीस-चाळीस माड चढून नारळ पाडणारा. एकदा पाय सटकला आणि कणा मोडला.

कणा मोडला की आतली मज्जारज्जू तुटते आणि मेंदूचा निरोप कमरेखाली पोचत नाही. मेंदू धड असतो, पाय धड असतात, मधला रस्ता तेवढा गेलेला. केंद्रात बसवतात तो मज्जासेतू हा निरोप तुटलेल्या जागेच्या वर वाचतो आणि खालच्या बाजूला, मज्जेवर गुंडाळलेल्या नखाएवढ्या पट्टीतून, विजेच्या बारीक टिचक्या देऊन पायांना पोचवतो. माणूस मनात म्हणतो चल, आणि पाय उचलतो. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. यायलाच हवं.

पण त्यात एक मेख आहे, आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही. आपलं शरीर आपण चालतो तेव्हा स्नायूंमधले बारीक तंतू आधी कामाला लावतं. त्यांचा जोर थोडा, पण ते दिवसभर दमत नाहीत. जाडे तंतू राखीव ठेवलेले असतात, पळायला आणि ओझं उचलायला. बाहेरून आलेल्या विजेला ही अक्कल नाही. जाड्या तंतूंच्या नसाही जाड, त्यांना वीज आधी लागते, म्हणून तेच आधी उठतात. रोजचा केर काढायला पैलवान बोलवावेत तसला प्रकार. पैलवान केर झकास काढतात आणि सहा मिनिटं होऊन गेली की धापा टाकत बसतात. मग माणूस मनात कितीही म्हणो चल, गुडघ्यातून सरळ घडी होते. पुन्हा पुरतं ताजं व्हायला त्या स्नायूंना दोन दिवस लागतात.

सरकारची मोजणीही बरोब्बर सहा मिनिटांची. ती तशी का, याचं उत्तर दर्शनाच्या पोटात अकरा वर्षं काट्यासारखं बसलेलं होतं. जिल्ह्यात सेतू बसवलेली पहिली व्यक्ती ती. प्रात्यक्षिकाला मोठमोठी माणसं यायची होती आणि तालमीत ती रोज चौथ्या मिनिटाला कोसळत होती. मग तिनं आपल्या डोक्यानं युक्ती काढली. दोन दिवस सेतू बंद करून खुर्चीत बसून राहिली, एक पाऊल टाकलं नाही, आणि त्या दिवशी सहा मिनिटं राणीसारखी चालली. टाळ्या पडल्या. कुणा डॉक्टरनं लिहून घेतलं, विनाआधार सहा मिनिटं. तोच पुढे मोजणीचा दंडक झाला.

तेव्हापासून तिनं हाताखालच्या प्रत्येकाला हेच शिकवलं. मोजणीच्या आधी दोन दिवस पाय साठवायचे. केंद्रात ती रीतच पडून गेली. आज माझी साठवण आहे, असं माणसं उपास असल्यासारखं सांगायची. सगळ्या वाडीदेखत झाडावरून पडलेल्या माणसाला पुन्हा डॉक्टरांसमोर पडायचं नसतं हो. शिवाय दर्शनाची दुसरी हातोटी होती. चालणाऱ्याच्या मागून ती आपली बॅटरीची खुर्ची घेऊन यायची, डाव्या हातानं स्वतःची चालवत आणि उजव्या हातानं एक रिकामी खुर्ची पुढे ढकलत. गुडघा थरथरला की ती रिकामी खुर्ची इतक्या बेतानं खाली सरकवायची, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस आपणहून बसला. अकरा वर्षांत तिचा एकही माणूस चारचौघांत पडला नव्हता. तिला याचा गर्व होता.

दुसऱ्या दिवशी ती सत्यवानकडे गेली, त्याच्या पाठीवरचं लाल झालेलं कातडं बघितलं आणि तालुक्याच्या कार्यालयात जायचं ठरवलं. आता या बाईनं काय करावं? तिनं दोन दिवस पाय साठवले. साहेबांसमोर खुर्चीतून कसं जायचं, बरं दिसत नाही! आपल्या माणसांना चालता येत नाही हे सांगायला ती नवी साडी नेसून, खुर्ची बाहेर उतरणीपाशी ठेवून, ताठ चालत गेली.

मृणाल केळुसकर नावाच्या अधिकारी होत्या. वाईट बाई नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा दर्शनाकडे वळवला. नवा नियम साधनासह मोजणीचा होता. पूर्वी टक्केवारीसाठी माणूस नुसता मोजत आणि सेतूची सहा मिनिटं वेगळी नोंदत, आता टक्केवारीही साधन चढवून मोजायची. जिल्ह्यात सेतूवाले तीनशे बारा, प्रत्येकाचा सेतू आपली नोंद आपण पाठवतो, आणि अकरा वर्षांत मोजणीत कुणी पडलेलं नाही. एकदाही नाही. प्रत्येक नोंदीखाली प्रशिक्षकाची सही होती, दर्शना घाडी. साठवणीच्या दिवसांचं काय, असं तिनं चाचरत विचारलं. त्या दिवसांपुढे यंत्रानं 'वापर नाही' असं लिहिलं होतं आणि सरासरीतून ते वगळून टाकले होते.

"चष्मा लावून ज्याला स्वच्छ दिसतं, त्याला आपण आंधळा म्हणतो का?" केळुसकरबाईंनी विचारलं. "तुम्हीच बघा ना, तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात."

दर्शनाच्या मांडीत तेवढ्यात पहिली थरथर आली. पाचवं मिनिट सरत होतं. दोन वाक्यं अजून बोलायची होती, पण बोलत बसली असती तर बाईंच्या टेबलाखाली गेली असती. ती आभार मानून घाईनं बाहेर पडली. उतरणीपाशी खुर्चीत कोसळल्यावर तिनं आपल्या गुडघ्यावर मूठ आपटली, चार-पाच वेळा आपटली. लागलं काहीच नाही.

नियम कायम व्हायच्या आधी आयुक्तांपुढे एक सुनावणी व्हायची होती, वीस दिवसांनी. त्या वीस दिवसांत सत्यवानचं जे झालं ते बघवत नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी सायली गोव्याला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती रोज फोनवर रडायची आणि हा रोज तिला सांगायचा, माझं मस्त चाललंय. रुक्मिणीकाकू सत्तरीची, ती पेज आणून द्यायची, पण साठ किलोचा माणूस तिच्यानं उचलवणार होता थोडाच? सेतूचं बाहेरचं यंत्र चढवायला, त्याचे पट्टे आवळायला दुसरा माणूस लागतोच. तो नसला की सहा मिनिटंसुद्धा नाहीत. वाडीतलं कुणी कधीमधी येऊन उठवायचं तेवढंच, एरवी बिछाना आणि फक्त बिछाना. पाठीवरचं कातडं फाटून जखम झाली. सरकारी डॉक्टरनं सांगितलं, असं चाललं तर त्याला जिल्ह्याच्या निराधारगृहात हलवावं लागेल. सोबती नाही तर घर नाही, इतकं ते सरळ होतं. हाडांचंही त्यानं बजावलं. वर्षानुवर्षं भार न पडलेली हाडं आतून पोकळ होतात, एकदा जोरात पडला तर खुबा राहणार नाही.

दर्शनानं केंद्रातली माणसं सत्यवानच्या ओसरीवर जमवली आणि एकदाचं बोलून टाकलं, की चूक आपली आहे, माझी आहे. सुनावणीला सगळ्यांनी पाय न साठवता जायचं आणि जसे पडतो तसे पडायचं. एकानं उगाच चप्पल शोधायला घेतली, जी तो घालून आलाच नव्हता. शेवटी बाजेवर कुशीवर पडलेला सत्यवानच बोलला.

"माझ्या चेडवाच्या लग्नात मी मांडवातून चलत गेलंय. अख्ख्या गावान बघल्यान. आता मी जावन सांगू, ता नाटक होता म्हणान?"

नाटक नव्हतं दादा, सहा मिनिटं खरीच होती, असं दर्शना म्हणाली. पण त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. सायलीच्या लग्नाची ती गोष्ट गावाला इतकी प्रिय होती, की चौकशी आली तेव्हा पोलीस पाटलानं अभिमानानं लिहून दिलं होतं, सत्यवान परब उत्तम चालतात, आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. बिचाऱ्यानं भलं करायला लिहिलं आणि याच्या सोबत्याच्या मुळावर आलं. माणसं एकेक करून निघाली. आपली लाज आपण चव्हाट्यावर मांडायला कुणी तयार नव्हतं, आणि ती झाकायला शिकवलं कुणी होतं? दर्शनाला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार?

मग तिनं एकटीनं जायचं ठरवलं. या खेपेला तिनं उलटं केलं. दोन दिवस सकाळ-दुपार सेतू लावून चालत राहिली, पायांचा पार पिट्टा पाडला, आणि तशीच सुनावणीला गेली.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक लांबलचक सभागृह होतं. मागे बाकांवर गावोगावची माणसं, केंद्रातली बरीचशी, पुढे आयुक्त वसंत निरवडेकर, टक्कल पडलेले, थकलेले, कागदातून मान वर न काढणारे. दर्शना चालायला उभी राहिली आणि तिसऱ्या मिनिटाला भिंतीला धरत खाली बसली. सभागृहात हळहळ झाली, दोघांनी तिला उचलून तिच्या खुर्चीत बसवलं. खात्याच्या तज्ज्ञानं तिच्या सेतूची नोंद उघडली आणि सौम्यपणे वाचून दाखवली. गेल्या दोन दिवसांत सेतू एकसष्ट वेळा चालू झाला होता. या बाईंनी मुद्दाम पाय दमवून आणले आहेत, तो म्हणाला. एक तर हे पडणं खोटं, नाही तर अकरा वर्षांच्या सह्या खोट्या.

"सह्या खोट्या," दर्शना म्हणाली. "म्हणजे सहा मिनिटं खरी आहेत, पण ती साठवलेली आहेत. दोन दिवस बसून राहिल्यावर ती येतात. हे मी शिकवलं सगळ्यांना. तुमच्या यंत्राला सहा मिनिटं दिसतात, दोन दिवस दिसत नाहीत. आणि चष्म्याचं म्हणाल, तर चष्मा सातव्या मिनिटाला माणसाला आंधळा करत नाही."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. कुणीतरी तिला नावं ठेवत होतं, आणि ते बरोबरच होतं, असं तिला वाटलं. आयुक्तांनी पहिल्यांदा मान वर केली. बाई, तुमच्या शब्दावर मी नियम थांबवू शकत नाही, तुम्ही आत्ताच खोट्या सह्या कबूल केल्यात, ते म्हणाले. दोन दिवस पुरती विश्रांती घेतलेलं कुणी माझ्यासमोर चालून दाखवील आणि पुढे काय होतं ते मला दिसेल, तर गोष्ट वेगळी. असं कुणी आज इथे आहे का?

नव्हतं कुणी. खरं बोलायला म्हणून जे चार-पाच ऐनवेळी धीर करून आले होते, ते दर्शनाचंच ऐकून पाय न साठवता आले होते. तिनं मागे वळून एकेका बाकाकडे बघितलं.

"मी चलतंय," दाराकडून आवाज आला.

सत्यवान होता. गावच्या टेम्पोतून पोलीस पाटलानंच त्याला आणलं होतं, आपण काय लिहून बसलो ते कळल्यावर. अंगात मुलीच्या लग्नातला पांढरा सदरा होता, पाठीवर जखमेचा डाग पुसट उमटलेला. तज्ज्ञानं नोंद पाहिली. चार दिवस वापर नाही. त्याचे पाय साठलेले होते. चार दिवस त्याला बिछान्यातून कुणी उठवलंच नव्हतं.

पाटलानं आणि दर्शनानं मिळून पट्टे आवळले. ती खाली वाकली तेव्हा, चालणाऱ्याच्या मागून ती आणायची त्या रिकाम्या खुर्चीबद्दल तो तिच्या कानाशी बोलला, "आज खुर्ची हाडू नको."

"दादा, खुबा मोडतलो."

"माका म्हायत असा. तू खुर्ची हाडलंस तर मी बसलंय म्हणतले. परत सहाच लिवतले."

तो आपल्या खुर्चीतून उभा राहिला. कारकुनानं घड्याळ चालू केलं. सत्यवान चालला, आणि काय चालला! खांदे मागे, नजर समोर, मांडवातून चालला होता तसाच. सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून परत. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकांवरून कुणीतरी हुंदका दिला. पाचव्याला दर्शनाला ओळखीची थरथर दिसली, डाव्या मांडीत, तिच्याशिवाय कुणालाच न दिसणारी. तिचा उजवा हात रिकाम्या खुर्चीच्या मुठीवर होता आणि डावा आपल्या खुर्चीच्या दांड्यावर. ती त्याच्या मागून दोन-अडीच हातांवर येत होती, अकरा वर्षं यायची तशी.

घड्याळ वाजलं. सहा मिनिटं. कारकुनानं ते बंद केलं, तज्ज्ञ उत्तम म्हणाला, एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. सत्यवान थांबला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो चालतच राहिला. टाळ्या थांबल्या. वीस सेकंद, पंचवीस. डावा गुडघा वाकला आणि कसाबसा सरळ झाला. दर्शनाचा हात आपोआप पुढे झाला, खुर्ची वीतभर सरकलीसुद्धा. अजून दोन हात सरकवली असती तर तो अलगद बसला असता, त्याचं हाड वाचलं असतं, आणि सोमवारी त्याला निराधारगृहाची गाडी न्यायला आली असती. तिनं आपल्या खुर्चीची कळ बंद केली. दोन्ही हात मांडीवर घेऊन एकमेकांत अडकवले आणि बघत राहिली, कारण नजर वळवायचा तिला हक्क नव्हता.

सातवं मिनिट संपायला दहा सेकंद असताना तो पडला. कुठेही न धरता, माडावरून सुटल्यासारखा. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

आयुक्त उठून उभे राहिले. खुर्ची आणा, खुर्ची तिथे होती ना, का नाही आणली, असं ते ओरडत होते. दर्शनानं अडकवलेले हात सोडवले.

"साहेब, खुर्ची आणणारं माणूसच बावीस टक्क्यांत काढून घेतलंय. त्याच्या घरी सातव्या मिनिटाला असंच होतं. तिथे बघायला कुणी नसतं, इतकंच."

पाटील आणि चौघं जण सत्यवानला उचलत होते. दर्शना कारकुनाच्या टेबलापाशी गेली. कागदावर सहा मिनिटांचा रकाना भरून झाला होता आणि पुढे रकानाच नव्हता. तिनं पेन मागितलं. कारकुनानं आयुक्तांकडे बघितलं, आयुक्तांनी मान हलवली. मग तिनं खाली मोकळ्या जागेत लिहिलं, सहा मिनिटं पन्नास सेकंदांनी पडले, खुबा मोडला, आधार नव्हता. त्याखाली सही केली. नाव पुरतं वाचता येत होतं.

नियम रद्द झाला नाही. तीन महिने स्थगिती मिळाली, या जिल्ह्यापुरती. तोवर जुनी टक्केवारी चालू आणि सोबती चालू. तीन महिन्यांनी काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी दर्शना इस्पितळात गेली. डॉक्टरनं तिला दाराबाहेरच सांगितलं, की खुब्यात सळई घातली आहे, पण ही हाडं आता भार घेणार नाहीत. सेतूचा यापुढे उपयोग नाही. सत्यवान डोळे मिटून पडला होता. तिची खुर्ची आत आल्याचं त्यानं ओळखलं.

"किती झाली?" त्यानं विचारलं.

"सहा मिनिटं पन्नास सेकंद."

"लग्नात सहाच झाली होती." त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. "लिवलंस?"

"लिवलंय. सही पण केलंय."

मी खुर्ची थांबवली दादा, असं तिला सांगायचं होतं. चार दिवस ती ते वाक्य घेऊन फिरत होती. पण त्याला ते माहीत होतं, त्यानंच मागितलं होतं, आणि सांगून तिचं ओझं तेवढं हलकं झालं असतं. तिनं ते मनातच ठेवलं. हाडाचा तो आवाज मात्र ती कुठेही गेली तरी येत होता, आणि येत राहणार होता.

"गणपत येतलो मां?" सत्यवाननं विचारलं. "घराक गेल्यावर?"

"सोमवारी सकाळी आठ वाजता येतलो."

त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. मग उशाशी उलटा पडलेला हात जरासा तिच्या बाजूला सरकवला. दर्शनानं खुर्ची पलंगाला लावली आणि तिची कळ बंद केली.

"तवसर मी हयच बसतंय," ती म्हणाली.